चिंचणीचे ताम्रपट आणि आपले सर्व्हर

तारापूरला १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. इथे तयार होणारी वीज आधी ग्रीडमध्ये जाते आणि मीटर, बिल, भारनियमन अशी वळणे घेत पुन्हा इथल्याच घरात येते. विजेचे हे समजू शकते. अणुभट्टी कोणी परसात बांधत नाही. पण माणसाने माणसाला सांगायच्या गोष्टीचेही असेच का व्हावे?

बोईसर-तारापूर एमआयडीसीच्या कामगार चाळीत एका खाटेवरचा माणूस समोरच्या खाटेवरच्या माणसाला फोटो पाठवतो. अंतर चार हात. फोटो मात्र आधी टॉवरवर, मग मोबाइल कंपनीच्या जाळ्यात, मग एका अमेरिकन कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून पुन्हा तेवढाच प्रवास करून चार हातांवर पोहोचतो. मधल्या कोणीही नकार दिला, बिघाड झाला, बंदी आली की दोन खाटांमधला संवाद संपला. ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊच्या सुमारास फेसबुकच्या यंत्रणेत एक बदल चुकला आणि सहा-एक तास व्हॉट्सअॅप जगभर मुके झाले. त्या रात्री कुणावर बंदी नव्हती, कुठे दंगल नव्हती. तिकडे कुणाचा तरी हात चुकला आणि इकडे कारखान्याच्या शिफ्टचे निरोप अडकले.

इंटरनेटची मूळ रचना अशी नव्हती. जाळ्यातले प्रत्येक यंत्र दुसऱ्याशी बरोबरीने बोलेल, कोणी कायमचा दाता आणि कोणी कायमचा याचक नसेल, अशी ती कल्पना होती. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जो पहिला ब्राउझर बनवला त्यात पान वाचता येत होते आणि लिहिताही येत होते. पुढे ब्राउझरमधली लिहायची सोय गळून पडली, वाचायची राहिली. आज आपल्या हातातला ब्राउझर ही एक खिडकी आहे. तिच्यातून आपण दुसऱ्याच्या दुकानात डोकावतो. आपले दुकान त्या खिडकीतून मांडता येत नाही.

यामागे एक तांत्रिक कारण आहे आणि ते समजून घेतले पाहिजे, कारण आपल्याकडे या विषयावर बोलणारे बहुतेक जण इथेच डोळे झाकतात. जगात जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते कमी पडले. म्हणून मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना मिळून एक सार्वजनिक पत्ता देतात. शंभर खोल्यांच्या चाळीला एकच पत्ता असावा आणि फाटकावर दरवान बसवावा, तशी ही व्यवस्था. आतला माणूस बाहेर पत्र टाकू शकतो, त्याचे उत्तरही दरवान आणून देतो. पण तुमच्या खोलीचा नंबर विचारत बाहेरचा कोणी आपणहून आला तर दरवान त्याला फाटकावरूनच परत पाठवतो. त्यामुळे चाळीतला कोणीही आपल्या खोलीत दुकान थाटू शकत नाही. दुकान थाटायचे तर बाजारपेठेत गाळा भाड्याने घ्यायचा. गाळे गूगलचे, मेटाचे, अॅमेझॉनचे.

या फाटकाला वळसा घालण्याची युक्ती आपल्या ब्राउझरमध्ये आधीच बसवलेली आहे. तिचे नाव वेबआरटीसी. गूगलने २०११ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली आणि जानेवारी २०२१ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने तिला अधिकृत मानक म्हणून मान्यता दिली. युक्ती मजेशीर आहे. दोन्ही बाजू आधी एका तिसऱ्याला विचारतात, बाहेरून मी कोणत्या पत्त्यावर दिसतो? मिळालेले पत्ते एकमेकांना कळवतात आणि दोघेही एकाच वेळी आतून बाहेर हाक मारतात. दोन्हीकडच्या दरवानांना वाटते, आपलाच भाडेकरू बोलतो आहे, येऊ द्या उत्तर. वाट मोकळी होते आणि पुढचे बोलणे थेट. कधी कधी दरवान फारच कडक निघतो, मग मधल्या सर्व्हरला सगळी हमाली करावी लागते. म्हणजे सोयरीक जुळवायला मध्यस्थ लागतोच. संसार बहुतेक वेळा दोघांचा होतो.

याच पायावर वेबटोरंट उभे राहिले. फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट या संस्थेने पीअरट्यूब नावाची व्हिडिओ व्यवस्था चालवून दाखवली. तिच्यात एखादा व्हिडिओ एकाच वेळी पाहणारे लोक तो पाहता पाहता त्याचे तुकडे एकमेकांना पुरवतात. पाहणारे वाढले की ओझे वाढण्याऐवजी वाटले जाते. एका छोट्या वाचनालयाला यूट्यूबची मेहेरबानी न घेता व्याख्यान दाखवता येते. हे सगळे आज, या घडीला, फुकट उपलब्ध आहे.

मग ते आपल्यापर्यंत का आले नाही? ब्राउझर बनवणाऱ्यांना ते नको होते, असे माझे म्हणणे आहे. ऑपेराने २००९ मध्ये ऑपेरा युनाइट आणले होते. प्रत्येक ब्राउझर हाच एक छोटा सर्व्हर, तुमचे फोटो आणि तुमची पाने तुमच्याच संगणकावरून जगाला दिसणार. २०१२ पर्यंत ते गुंडाळले गेले. बीकर नावाचा ब्राउझर तर एका कळीवर नवी वेबसाइट बनवून ती शेजाऱ्यांमध्ये वाटत असे; २०२२ मध्ये त्याचे काम थांबले. ब्रेव्ह ब्राउझरने २०२१ मध्ये आयपीएफएस नावाची वितरित साठवणीची व्यवस्था आत घेतली आणि २०२४ मध्ये काढून टाकली. प्रत्येक वेळी कारण तेच: लोक वापरत नाहीत. जगातला सर्वाधिक वापराचा ब्राउझर ज्या कंपनीचा आहे, तिचा धंदाच लोकांनी तिच्या सर्व्हरवर येण्यावर चालतो. फायरफॉक्सचे बहुतांश उत्पन्न त्याच कंपनीकडून येते. रिक्षावाल्यांच्या पैशातून चालणाऱ्या नगरपालिकेने पादचाऱ्यांसाठी पूल बांधावा, अशी अपेक्षा आपण ठेवून बसलो आहोत.

आता थोडे चिंचणीविषयी. तारापूर आणि चिंचणी ही गावे एकमेकांना लागून आहेत. गेल्या शतकात चिंचणीला काही ताम्रपट सापडले. त्यातला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा. संजाणच्या मंडलावर राष्ट्रकूटांच्या वतीने कारभार पाहणाऱ्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याचा उल्लेख त्यात आहे. संस्कृतमध्ये त्याचे नाव मधुमती असे आले आहे. अभ्यासक ते महंमदचे रूप मानतात. या माणसाने नद्यांवर फुकट नावा चालवल्या आणि संजाणला अन्नछत्र घातले, असे तो ताम्रपट सांगतो. भगवतीच्या मठिकेसाठी दिलेल्या दानाची नोंदही त्यातच आहे. कोकणातल्या मुसलमानांना "तुम्ही कुठून आलात" असे विचारणाऱ्यांसाठी हा ताम्रपट पुरेसा आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

माझा मुद्दा असा की, हा ताम्रपट टिकला कसा? राष्ट्रकूटांचे दप्तर आज कुठे आहे? मान्यखेटच्या दरबारात नोंदी असतील, त्या राजवटीबरोबर गेल्या. टिकली ती दान घेणाऱ्याच्या हातात दिलेली प्रत. दान देणाऱ्याने पुरावा स्वतःच्या कचेरीत ठेवला नाही, ज्याचा हक्क त्याच्या हाती दिला. खोटे ताम्रपट करणारेही होते, म्हणून पत्रे कडीत ओवून कडीवर राजमुद्रा असे. पत्रा कुणाच्याही घरात असो, मुद्रा पाहून खरेखोटे ठरत असे.

आजच्या पीअर-टू-पीअर जाळ्याची रचना नेमकी हीच आहे. आपण आज वेबसाइट शोधतो ती जागेच्या पत्त्यावरून: अमक्या सर्व्हरवरची तमकी फाइल. सर्व्हर बंद, फाइल गेली. बिटटोरंट किंवा आयपीएफएसमध्ये मजकुराचा पत्ता मजकुरातूनच तयार होतो. फाइलवर गणित चालवून एक लांबलचक ठसा काढतात, त्याला हॅश म्हणतात. फाइलमधली एक वेलांटी बदलली तरी ठसा पार बदलतो. मग ती फाइल सोलापूरच्या संगणकावरून येवो की मालेगावच्या. ठसा जुळला तर मजकूर तोच. मुद्रा म्हणजे डिजिटल स्वाक्षरी. कोणाच्या घरून आली याला महत्त्व उरत नाही. हदीसच्या परंपरेत सांगणाऱ्यांची साखळी तपासल्याशिवाय बोल स्वीकारत नाहीत, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना मजकूर आणि वाहक दोन्ही तपासण्याची ही शिस्त नवी वाटू नये. "फॉरवर्डेड मेनी टाइम्स" हा शिक्का म्हणजे साखळी नव्हे. ती साखळी तुटल्याची कबुली आहे.

एप्रिल २०१७ मध्ये तुर्कस्तानच्या सरकारने विकिपीडिया बंद केला. तो जवळपास तीन वर्षांनी, तिथल्या घटना न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी २०२० मध्ये, पुन्हा उघडला. पण बंदीनंतर काही आठवड्यांतच तुर्की विकिपीडियाची प्रत आयपीएफएसवर चढली होती. ती प्रत ताजी होत नव्हती, शोधायला किचकट होती, सामान्य माणसाला तिचा किती उपयोग झाला हा प्रश्नच आहे. तरीही ती होती. बंदी घालणारे सरकार मुसलमानांच्या नावाने राजकारण करणारे होते, हेही इथे नोंदवून ठेवतो, कारण आपल्याकडे अभिव्यक्तीची आठवण फक्त आपल्यावर घाला आला की होते.

हे सगळे तारापूरला कशासाठी हवे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात पहिल्या क्रमांकावर होते, गुण ९३.६९. खाड्यांमध्ये सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला मच्छिमार समाजाची परिषद राष्ट्रीय हरित लवादात लढली. अशा लढाईत पुरावा म्हणजे काय असतो? मेलेल्या माशांचा फोटो, रात्री नाल्यात सुटणाऱ्या रंगीत पाण्याचा व्हिडिओ. लोक हे पुरावे फेसबुकवर टाकतात आणि ग्रुपमध्ये फिरवतात. फेसबुक काय किंवा व्हॉट्सअॅप काय, फोटो चेपतात आणि त्यातली वेळ-ठिकाणाची मूळ माहिती काढून टाकतात. पुढे पोस्ट उडाली, खाते बंद पडले की तेही संपले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात हॅश नोंदवायचा रकाना आहे. म्हणजे सरकारचा कायदाच आता ठसा मागतो, आणि आपण ठसा पुसणाऱ्या पेटीत पुरावे ठेवतो. मूळ फाइल, तिचा हॅश आणि चार वेगवेगळ्या घरांत तिच्या प्रती, एवढे केले तर कारखानदाराच्या वकिलाला निदान घाम तरी फुटेल.

दुसरी गरज आपल्या घरातली. ६ जून २०२५ ला वक्फ मालमत्तांसाठी केंद्र सरकारचे उम्मीद पोर्टल सुरू झाले आणि सहा महिन्यांत सगळ्या मालमत्तांची कागदपत्रे त्यावर चढवा, असा हुकूम निघाला. मुदत संपत आली तसे पोर्टल रडतखडत चालत असल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या. कायद्याविषयीची माझी मते वेगळी मांडता येतील. इथे विचारायचे एवढेच की, आपल्या मशिदी, दर्गे, कब्रस्तान, ईदगाह यांच्या सनदा आणि सातबाऱ्यांच्या स्वच्छ प्रती पोर्टल येईपर्यंत कुठे होत्या? ट्रंकेत, मुतवल्लीच्या घरी, वाळवीच्या शेजारी. आता कुठे आहेत? सरकारच्या सर्व्हरवर. ज्याच्याशी उद्या दाव्यात उभे राहावे लागेल त्याच्याच कपाटात कागद, आणि आपल्याकडे फक्त पावती. दहाव्या शतकातल्या मठिकेकडे निदान स्वतःचा ताम्रपट तरी होता.

तिसरी गरज साहित्याची. मुस्लिम मराठी साहित्य संमेलनाची सुरुवात १९९० साली सोलापूरला झाली. त्याच्या आधीपासून आजवर निघालेली नियतकालिके, स्मरणिका, अध्यक्षीय भाषणे, पुस्तिका कुठे मिळतात ते शोधून पाहा. मराठी मुसलमान मराठीत लिहीत नाही, असे बिनदिक्कत सांगणारे सापडतात, आणि त्यांच्या तोंडावर टाकायला आपल्याकडे एक ठिकाण नसते. ऑर्कुट २०१४ ला बंद झाले, गूगल प्लस २०१९ ला, आणि तिथल्या चर्चा, कविता, भांडणे त्यांच्याबरोबर बुडाली. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा गावखेड्यातल्या कितीतरी पोरापोरींची सगळी कमाई एका संध्याकाळी नाहीशी झाली. मी हे लिहितो आहे तो सर्व्हरही माझा नाही.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप पालघरचे नाव घेऊनच केला जातो. १६ एप्रिल २०२० ला गडचिंचले इथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठार मारले. त्याआधी त्या भागात चोर आले, मुले पळवणारे आले, किडन्या काढणारे आले अशा अफवा व्हॉट्सअॅपवरून फिरत होत्या. त्याच्या दोन वर्षे आधी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना अशाच अफवेने मारले होते. मग विचारतात: मालक असलेल्या जाळ्यात हे झाले, बिनमालकाच्या जाळ्यात काय होईल?

प्रश्न रास्त आहे. २०१८ नंतर व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाच जणांनाच संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. ती मध्यवर्ती कंपनी होती म्हणून घालू शकली. पण गडचिंचले त्या मर्यादेनंतर घडले. आणि त्या रात्रीनंतर जे झाले ते आठवा. व्हिडिओतल्या "ओय बस"चे "शोएब" केले गेले आणि मारणारे मुसलमान होते, असे देशभर पसरवले गेले. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर करावी लागली. त्यात एकही मुसलमान नव्हता. हे विष बोईसरच्या पाड्यांवरून वर गेले नाही. ते मोठ्या, प्रमाणित, निळ्या खुणेच्या खात्यांवरून आणि वाहिन्यांवरून खाली आले, आणि त्या कंपन्यांच्या गणिताने ते आणखी उचलून धरले, कारण संतापावर लोक जास्त वेळ थांबतात. पीअर-टू-पीअर जाळ्यात वाईट मजकूर असेल, असतोच. त्याला वर ढकलणारे, त्यावर जाहिरात विकणारे यंत्र मात्र त्यात नाही. फरक एवढाच आहे, आणि तो मला पुरेसा मोठा वाटतो.

पालघरची दुसरी आठवण उलट दिशेची आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी इथल्या एका मुसलमान तरुणीने फेसबुकवर काही ओळी लिहिल्या, तिच्या हिंदू मैत्रिणीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली, पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. त्यातूनच कलम ६६अ विरुद्धचा श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. तंत्रज्ञानाच्या भक्तांनी ही घटना नीट वाचावी. तो मजकूर वितरित जाळ्यावर असता तर दवाखाना वाचला असता का? नसता. दगड मारणाऱ्याला सर्व्हर कुठे आहे याच्याशी देणेघेणे नसते. त्या मुलींना दिलासा मिळाला तो कोर्टात, वकिलांमुळे, बोलणाऱ्या नागरिकांमुळे. कोड लिहून लोकशाही येते असे सांगणारे आणि मधल्या काळात त्यावर नाणी काढून विकणारे, या दोघांनी या कल्पनेचे जेवढे नुकसान केले तेवढे गूगलनेही केले नसेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड जातो. जुलै २०२१ मध्ये सुल्ली डील्स आणि १ जानेवारी २०२२ ला बुल्ली बाई. बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या मुसलमान बायकांचे फोटो लावून त्यांचा "लिलाव" मांडला गेला. दोन्ही गिटहबवर होते. गिटहबने ती पाने काढली. तीच पाने आयपीएफएसवर असती तर कोणी काढली असती? सरळ उत्तर आहे: एका कळीवर काढता आली नसती. हे गिळून पुढे जाणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवणार नाही.

पण दोन गोष्टी त्याबरोबर सांगायला हव्यात. पान काढले म्हणजे न्याय झाला नाही. पहिल्या प्रकरणात तक्रारी होऊनही सहा महिने अटक नव्हती. म्हणूनच दुसरे करण्याची हिंमत झाली, आणि मुंबई पोलिसांनी हात घातल्यावर दोन्हीची सूत्रे हलली. दुसरे असे की पीअर-टू-पीअर म्हणजे गुप्त, हा मोठा गैरसमज आहे. या जाळ्यात फाइल तेव्हाच जिवंत राहते जेव्हा कोणीतरी ती आपल्या यंत्रावरून देत राहतो, आणि देणाऱ्याचा आयपी पत्ता घेणाऱ्याला दिसतो. म्हणजे तिथे प्रत्येक जण प्रकाशक आहे आणि प्रकाशकाची जबाबदारी त्याच्यावर आहे. "मी फक्त फॉरवर्ड केले" ही पळवाट तिथे नाही. याच कारणाने ज्यांना लपून बोलणे भाग आहे त्यांच्यासाठी हे जाळे धोक्याचे आहे, आणि खाजगी फोटो, घरचे पत्ते, बायकांची माहिती त्यावर कधीच जाता कामा नये. जे सार्वजनिक आहे आणि टिकायला हवे तेवढेच तिथे. ताम्रपटावर कोणी प्रेमपत्र कोरत नसे.

सरकारचे म्हणणे वेगळेच असते. मे २०२३ मध्ये काश्मीरमधल्या अतिरेक्यांचे कारण देत १४ अॅप बंद झाल्याची बातमी आली. त्यात ब्रायर होते, जे इंटरनेट नसतानाही ब्लूटूथ किंवा वाय-फायवरून शेजारच्या फोनशी थेट बोलते. पूर आला, भूकंप झाला, टॉवर पडला तर असेच अॅप उपयोगाचे. डहाणू-तलासरीची जमीन २०१८ च्या नोव्हेंबरपासून हादरते आहे, शेजारी अणुभट्टी आहे, रासायनिक कारखान्यांत स्फोट होतात. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तारापूर एमआयडीसीतल्या एका स्फोटात माणसे गेली. अशा जिल्ह्यात टॉवरशिवाय चालणारा संवाद हा संशयाचा विषय आहे की आपत्ती व्यवस्थापनाचा? गुन्हेगार हायवेवरूनही पळतात. कोणी अहमदाबाद हायवे उखडून टाकत नाही.

आणि इंटरनेट बंदी ही आता काश्मीरची गोष्ट राहिलेली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती, जून २०२३ मध्ये कोल्हापूर. कोल्हापूरला कारण व्हॉट्सअॅपवरचे स्टेटस. बेमुदत बंदी चालणार नाही आणि आदेश जाहीर करावे लागतील, असे सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० ला सांगितले. बंदी घालणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी किती जणांनी तो निकाल वाचला असेल, देव जाणे. अशा दिवशी अफवा थांबत नाही, कारण ती तोंडाने चालते. थांबतो तो खुलासा. मोहल्ल्यातल्या वाचनालयाचा राउटर मात्र बाहेरचे इंटरनेट नसतानाही आपल्या भिंतींच्या आत चालू राहतो. कालपर्यंत उतरवून ठेवलेली पाने, पोलिसांची निवेदने, वकिलांचे नंबर, दवाखान्यांची यादी तो आसपासच्या फोनना देऊ शकतो. यात काही बेकायदा नाही, काही क्रांतिकारकही नाही.

राग मला या कंपन्यांपेक्षा आपल्या संस्थांचा जास्त येतो. जलशाला मंडप लाखाचा घालतात, स्पीकर भाड्याने आणतात, व्हिडिओ यूट्यूबवर चढवतात, मग कॉपीराइटच्या एका खोट्या तक्रारीने तो उडाला की "साजिश" म्हणून गळा काढतात. साजिश असेलही. मूळ फाइल कुठे आहे? कॅमेरावाल्याकडे होती, त्याने कार्ड पुढच्या लग्नाला वापरले. शाळा, पतपेढ्या, कब्रस्तान समित्या सगळ्यांचा कारभार एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर, आणि ग्रुप अॅडमिनच्या फोनवर. अॅडमिन रुसला की इतिहास संपला. फुकट मिळते म्हणून घेतले, आणि फुकट घेणाऱ्याला तक्रार करायला तोंड राहत नाही.

लागते काय? एक जुना संगणक, जो बहुतेक शाळांत कोपऱ्यात पडून आहे. चार टेराबाइटची एक डिस्क. ठीकठाक ब्रॉडबँड. टोरंटचे किंवा आयपीएफएसचे फुकट सॉफ्टवेअर, आणि ते रोज चालू आहे ना हे बघणारा एक पोरगा किंवा पोरगी. तारापूर, भिवंडी, मालेगाव, सोलापूर, रत्नागिरी अशा पाच ठिकाणी हे केले तर पाच प्रती झाल्या. एक डिस्क मेली तर बाकी चार तिला पुन्हा भरतील. हे मात्र लक्षात ठेवायला हवे की कोणीच यंत्र चालू ठेवले नाही तर या जाळ्यातली फाइलही मरते. ते अमर वगैरे काही नसते, जाहिरातीत कितीही सांगोत. आठवड्याला धूळ झटकावी लागेल, वर्षाला डिस्क तपासावी लागेल, नवीन कागद स्कॅन करून, त्याचा हॅश एका साध्या वहीतही लिहून ठेवावा लागेल.

पहिला अडथळा तांत्रिक येणार नाही, हे मी आताच सांगतो. ट्रस्टच्या बैठकीत भांडण होईल ते स्वाक्षरीची किल्ली कोणाकडे राहणार यावरून. सदर म्हणतील माझ्याकडे, सेक्रेटरी म्हणतील माझ्याकडे, आणि सहा महिन्यांनी निवडणूक झाली की जुने मंडळ किल्ली घेऊन घरी बसेल. म्हणून ती सुरुवातीलाच तीन माणसांत वाटून ठेवावी, तिघांपैकी दोघांनी मिळूनच वापरता येईल अशी. त्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिघे तीन वेगळ्या गावांचे असावेत, एकाच घराण्याचे नसावेत, आणि त्यात निदान एक बाई असावी. शाळेच्या ग्रंथपाल बाई असतील तर उत्तम. नोंदी नीट ठेवायची सवय त्या बैठकीत बहुधा त्यांनाच असेल.